तिसरं नाव

माणूस जळतो तो जिवंत माणसांवर. शेजारणीच्या नव्या फ्रिजवर जळतो, जावेच्या हुशार पोरावर जळतो, मैत्रिणीच्या नवऱ्याच्या प्रमोशनवर जळतो. पॉलिन तुस्कानो मात्र मेलेल्यांवर जळायची. आणि मेलेले तरी कुणी ओळखीपाळखीचे? छे! अमेरिकेतले, दोन-अडीचशे वर्षांपूर्वी मातीत गेलेले, तिच्या साहेबाचे पूर्वज.

हसू नका. दुबईत माणूस कशाकशावर जळेल याचा नेम नाही, आणि पॉलिनपाशी तर जळायला चांगलं सबळ कारण होतं.

पॉलिन वसईकडची. शॉर्टहँड, टायपिंग, स्वच्छ इंग्रजी आणि त्याहून स्वच्छ टेबल एवढ्या भांडवलावर ती एक्क्याण्णव साली दुबईच्या देरा भागातल्या एका पंप विकणाऱ्या कंपनीत सेक्रेटरी म्हणून लागली. नवरा जॉन एका हॉटेलात बँक्वेट सुपरवायझर. मुलगा क्रिस ऊद मेथाच्या शाळेत. घर करामाला, दोन खोल्यांचं. शुक्रवारी सुट्टी, सकाळी मिस्सा, मिस्सेनंतर चर्चच्या आवारात वसईकरांचा घोळका, आणि मग घरी सोरपोतेल नाहीतर बोंबलाचं कालवण. सगळं कसं सुरळीत होतं. मग साहेबाला एक रोग असल्याचं तिला कळलं.

ऑर्डवे साहेब माणूस भला. सहा फूट उंच, उन्हानं तांबडालाल झालेला, ‘इन्शाल्ला’ असं म्हणायचा की समोरच्या अरबालाही हसू यायचं. रोग एकच, वंशावळीचा. मॅसॅच्युसेट्समधल्या कुठल्याशा खेड्यात त्याचं मूळ घराणं. तिथं त्याची थोरली बहीण राहायची, हॅरियट नावाची, रिटायर्ड मास्तरीण. ही बाई जुन्या दफनभूम्यांतून फिरायची. मऊ ब्रशानं आणि साध्या पाण्यानं थडग्यांचे दगड धुवायची, मग हातातला आरसा तिरपा धरून झिजलेल्या अक्षरांवर उन्हाची तिरीप पाडायची आणि फोटो काढायची; वाचत बसायची नाही. गावच्या कचेरीतल्या जन्ममृत्यूच्या नोंदींच्या नकलाही काढायची. दर महिन्याला हा सगळा ऐवज जाडजूड पाकिटातून दुबईला यायचा आणि धप्पकन पॉलिनच्या टेबलावर पडायचा. तिनं फोटोतली अक्षरं वाचायची आणि टाइप करायची. साहेब तिचे कागद वाचणार. फोटो गेले बॉक्समध्ये.

“हे काय माझ्या कामात येतं?” पहिल्या महिन्यात ती घरी येऊन करवादली. “पंपांची कोटेशन्स सोडून मी थडगी टाइप करतेय!”

पण हळूहळू तिला गोडी लागली. काय एकेक नावं त्या बायकांची! मर्सी, पेशन्स, टेम्परन्स. आपल्याकडं क्षमा आणि करुणा असतात ना, तशीच. सायलेन्स नावाच्या एका बाईला अकरा मुलं झाली होती, तेव्हा घरात केवढी शांतता असेल ते येशूलाच ठाऊक. पॉलिन घरी येऊन हे सगळं जेवताना सांगायची. जॉन विचारायचा, “काय म्हणतंय तुझं अमेरिकन सासर? सगळे बरे आहेत ना?” आणि क्रिस मान वर न करता म्हणायचा, “मॉम, दे आर ऑल डेड.”

मेले होते, पण होते! दुखणं होतं ते इथंच. चांभार होता, त्याचा दगड होता. तीन महिन्यांचं पोर गेलं, त्याचा दगड होता. वर पंख असलेलं डोकं कोरलेलं, खाली नाव, वय, साल. अडीचशे पावसाळे गेले तरी जिथल्या तिथं. आणि पॉलिनचं काय? तिला आजोबांचं नाव ठाऊक होतं. आजोबांच्या बापाचं विचाराल तर जीभ टाळ्याला चिकटायची.

तिच्या गावच्या सिमेटरीत कायमची कबर असायची ती बड्या घरांची. बाकीचे सगळे पाळीनं. माणूस पुरला की तीनएक वर्षांनी ती कबर उघडायची, हाडं गोळा करून भिंतीपाशी एक मोठा सामायिक खड्डा होता त्यात ठेवायची आणि ती जागा पुढच्याला द्यायची. सिमेंटचा क्रॉस मात्र तोच. त्यावर चुना मारायचा आणि जुन्या नावाखाली नवीन नाव रंगवायचं. वरचं नाव चुन्यात आणि उन्हात हळूहळू विरून जायचं. एकाच क्रॉसवर तीन-तीन घरांची माणसं, एकमेकांच्या नात्यातली ना गोत्यातली. लहानपणापासून ती हेच बघत आली होती, त्यात तिला वावगं असं कधी काही वाटलंच नव्हतं. ऑर्डवेंचे दगड बघितले आणि पोटात दुखायला लागलं.

त्या पोटदुखीवर साहेबानंच औषध दिलं. एकदा तो खुशीत येऊन म्हणाला, “पॉलिन, रिटायर व्हायच्या आधी मी या सगळ्याचं पुस्तक छापणार. आणि पहिल्या पानावर तुझं नाव असणार.”

बाई गं! त्या दिवशी पॉलिन टॅक्सीनं घरी गेली. आठ दिरहम, म्हणजे तेव्हाचे ऐंशीएक रुपये, आणि एरवी ही बाई बसच्या दोन दिरहमांसाठी उन्हात उभी राहणारी. पुस्तकात नाव! छापलेलं! ते अमेरिकेतल्या लायब्ररीत राहणार, कपाटात, कुणी चुना मारणार नाही, कुणी उघडून दुसऱ्याला जागा देणार नाही. पुढच्या शुक्रवारी मिस्सेनंतर अख्ख्या वसईकर घोळक्याला ही बातमी कळली. त्याच्या पुढच्या शुक्रवारी ज्यांना कळली होती त्यांना पुन्हा कळली. ‘पॉलिन तुस्कानो’ हे पानावर कसं दिसेल ते ती ऑफिसात गुपचूप वेगवेगळ्या टायपांत काढून बघायची.

पुस्तक अडलं होतं एका बाईपाशी. साहेबाच्या घराण्यात जोसाया म्हणून एकजण होऊन गेला. त्याचा बाप सॅम्युएल, जोडे शिवणारा, ऐन सत्ताविशीत गेला. पण जोसायाची आई कोण? नोंदीत फक्त बापाचं नाव. लग्नांची वही म्हणे चर्चला आग लागली तेव्हा जळाली. भिंतीवरच्या मोठ्या वंशवृक्षात सॅम्युएलशेजारी एक चौकोन रिकामा होता, आणि साहेब येताजाता त्या चौकोनाकडं असा बघायचा जणू बाई आत्ता येऊन तिथं बसणार आहे. हॅरियटनं गाव पालथं घातलं. वर्षांमागून वर्षं गेली. चौकोन रिकामाच.

पॉलिनचे पपा शहाण्णव साली गेले. ती पोचली तेव्हा माती पडून गेली होती. नव्व्याण्णव साली एका सकाळी ऑफिसात भावाचा फोन आला. म्हणाला, “पपांची कबर काल उघडली. तुला आधी कळवणार होतो, पण फादर म्हणाले कुणाला तरी ठेवायचंय, जागा हवीय. मी होतो तिथं. सगळं नीट केलं.”

नीट केलं! तिनं फोन ठेवला. डोळे लाल बघून साहेबानं विचारलं, तेव्हा तिनं सांगितलं. साहेब बघतच राहिला. “उघडतात?” तो म्हणाला. “आमच्याकडं एकदा झाकलं की झाकलं, पॉलिन. ती जागा त्या घराची. आत जो असेल तो घरचाच.”

तो बिचारा सहानुभूतीनं बोलला होता, पण हिच्या अंगाचा तिळपापड झाला. घरचाच म्हणे! एक जोडे शिवणारा सॅम्युएल सव्वादोनशे वर्षं एका जागी झोपून राहतो, आणि माझ्या पपांना तीन वर्षं मिळत नाहीत धड? चाळीस वर्षं एस.टी. चालवली त्या माणसानं! त्या दिवशी तिनं ऑर्डवेंचं एक अक्षर टाइप केलं नाही. डोकं दुखतंय म्हणाली. साहेबाचं ते वाक्य मात्र कुठंतरी आत जाऊन बसलं.

आणि मग दोन हजार एक साली लॉरा आली.

कंपनी देऱ्यातून हलून दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात गेली होती. आजूबाजूला कारखाने, वाळू आणि क्रेन. नव्या ऑफिसात सगळ्यांना कॉम्प्युटर, आणि कॉम्प्युटर कळणारी मुलगी हवी म्हणून लॉरा मच्याडोला घेतलं. वय चोवीस. केस मोकळे, नखं रंगवलेली, कीबोर्डवर बोटं अशी पळायची की बघणाऱ्याला घेरी यावी. आणि गाव? पॉलिनचंच! तीच वाडी, तेच चर्च.

पहिल्याच दिवशी ती धावत पॉलिनच्या टेबलाशी आली. “आंटी! तुम्ही एस.टी.वाल्या तुस्कानोंच्या ना?”

आंटी. अख्ख्या ऑफिसात. सेल्सची मलबारी पोरं, रिसेप्शनवरची शहनाझ, सगळ्यांनी ऐकलं. दहा वर्षं ती ‘मिस पॉलिन’ होती, एका मिनिटात आंटी झाली. दुपारपर्यंत चहावाला गणूसुद्धा आंटी म्हणायला लागला.

जायला-यायला अकाउंट्सच्या उपेंद्रची गाडी होती, पैसे वाटून. लॉराही त्याच गाडीत. एकदा ट्रॅफिकमध्ये अडकले असताना ती मागं वळून म्हणाली, “आंटी, तुम्हाला माहितीये का, नव्व्याण्णवमध्ये आमची आजी गेली ना, तिला तुमच्या पपांच्या जागेत ठेवलं. म्हणजे आपण आता नातलगच झालो की!”

आणि हसली. मनापासून हसली हो, तिच्या बोलण्यात खोट नव्हती. पण पॉलिनच्या कानात गरम शिसं ओतल्यासारखं झालं. म्हणजे ते ‘कुणाला तरी’ म्हणजे ही! हिची आजी!

“क्रॉसवर पपांचं नाव आहे का अजून?” तिनं विचारलं.

“वर होतं ना. पण चुना मारला मागच्या वर्षी, मग नीट दिसत नाही.”

पॉलिन खिडकीबाहेर बघत बसली. आजीनं बापाची जागा घेतली, आता नात माझी घेणार. करामा येईपर्यंत हे एकच वाक्य तिच्या डोक्यात फिरत होतं.

आणि झालंही तसंच. लॉरानं साहेबाला इंटरनेटवर वंशावळी बघायला शिकवलं. टेलिफोनच्या तारेतून किर्र किर्र करत अमेरिका यायची आणि साहेब लहान पोरासारखा टाळ्या पिटायचा. “लॉरा, तू जादूगार आहेस!” दिवसातून तीनदा. पॉलिन मोजायची. दहा वर्षांत तिला ‘थँक यू, पॉलिन’ यापलीकडं काही मिळालं नव्हतं, आणि ही काल आलेली पोर जादूगार! मेलीला शॉर्टहँडमधला श येत नाही! जॉनपाशी ती रोज ओकायची. जॉन म्हणायचा, “अगं, साहेब म्हातारा आहे, पोरगी लहान आहे, जाऊ दे ना.” “तुला नाही कळायचं,” ती म्हणायची, आणि तव्यावरचा बोंबील करपायचा.

मग साहेबानं फर्मान काढलं. पुढच्या जूनमध्ये रिटायर व्हायचंय, त्याआधी पुस्तक. सगळे जुने फोटो लॉरानं स्कॅन करावेत. बॉक्स पॉलिनच्या कपाटात, किल्ली पॉलिनच्या पर्समध्ये.

तिनं किल्ली दिली नाही. “मी देते ना काढून,” म्हणाली, आणि एका वेळी एक पाकीट द्यायला लागली. कधी विसरायची, कधी कपाट अडकायचं, कधी ऐन वेळी कोटेशन अर्जंट निघायचं. लॉरा प्रत्येक वेळी “नो प्रॉब्लेम, आंटी” म्हणून खुर्ची ओढून शेजारी बसून राहायची आणि गावच्या गप्पा मारायची. कुणाचं लग्न ठरलं, कुणाच्या विहिरीला खारं पाणी लागलं. तिच्यावर नीट चिडताही येत नव्हतं, हाच तर वैताग होता.

मार्चमधली एक दुपार. साहेब पोर्टवर गेला होता. त्र्याण्णव सालच्या पाकिटातला एक फोटो स्कॅनरवर ठेवता ठेवता लॉरा थांबली.

“आंटी, हा सॅम्युएलचा दगड ना? चांभाराचा?”

“हो. टाइप केलाय तो मी. सॅम्युएल, आणि त्याची तान्ही मुलगी मर्सी.”

“पण खाली अजून एक नाव आहे. बारीक आहे, वेगळ्या हातचं वाटतं. थँकफुल मून. अठराशे तीन.” लॉरानं क्षणभर बघितलं आणि फोटो पालथा टाकला. “असेल कुणीतरी मागून ठेवलेली. आडनाव वेगळंय, आणि मध्ये चाळीस वर्षं गेलीयत. कबर परत उघडली असणार.”

पॉलिनचा हात कपाटाच्या दारावर होता तो तिथंच राहिला. अगदी हेच! नऊ वर्षांपूर्वी हाच फोटो हातात घेऊन ती अगदी हेच मनाशी म्हणाली होती. परकी बाई, मागून ठेवलेली, आपल्याला काय करायचीय. आणि तिसरं नाव टाइप न करता पुढच्या फोटोकडं वळली होती. वसईच्या पोरीला दुसरं काही सुचणारच कसं?

पण आता साहेबाचं ते वाक्य आतून वर आलं. आत जो असेल तो घरचाच. तिथं कुणी उघडत नाही. तिथं परकं कुणी येतच नाही. मग ही मून बाई सॅम्युएलच्या दगडावर कशी? तरणी विधवा. दुसरं लग्न केलं असणार, मूनशी, म्हणून आडनाव बदललं. आणि मरताना म्हणाली असणार, मला माझ्या पहिल्याजवळ ठेवा, माझ्या तान्हीजवळ ठेवा. जोसायाची आई! साहेब अकरा वर्षं जिची वाट बघत होता ती अकरापैकी नऊ वर्षं पॉलिनच्या कपाटात बसून होती.

काळजात धस्स झालं तिच्या. आणि त्या धस्स होण्याच्या मागोमाग, लगेच, दुसरा विचार आला. लॉराला कळलेलं नाही.

“लॉरा, तू जेवून ये,” ती म्हणाली. “आज कँटीनमध्ये बिर्याणी आहे म्हणे.”

“तुम्ही, आंटी?”

“मला भूक नाही. जा, यल्ला, लवकर, संपेल.”

पोरगी गेली. साहेब परतला तसा पॉलिन फोटो घेऊन त्याच्या केबिनमध्ये शिरली. “सर, मला सापडली,” म्हणाली.

आधी त्याला कळेचना. मग भिंग घेऊन त्यानं ते नाव वाचलं. एकदा, दोनदा. मग तो खाली बसला. डोळ्यांत पाणी. “थँकफुल,” तो म्हणाला, “थँकफुल.” त्यानं घड्याळही न बघता बहिणीला फोन लावला, ती झोपेतून उठली ती ओरडतच. पुढच्या तीन आठवड्यांत हॅरियटनं शेजारच्या गावची वही धुंडाळली आणि नोंद मिळालीच, विधवा थँकफुल ऑर्डवे हिचं मून नावाच्या माणसाशी लग्न. चौकोन भरला.

“पण ही आपल्या नजरेतून सुटली कशी, पॉलिन?” साहेबानं त्या दिवशी विचारलं होतं.

“फोटो दुसऱ्या फोटोला चिकटला होता, सर.”

एक खोटं. दुसरं तर ती बोललीच नाही, की ते नाव आज आधी लॉराच्या तोंडून निघालं. लॉरा जेवून आली तर सगळं ऑफिस पॉलिनभोवती जमलेलं. तीही त्यात शिरून टाळ्या वाजवायला लागली. “आंटी, तुम्हाला कसं कळलं हो? मी तर पालथाच टाकला होता तो!” पॉलिन म्हणाली, “अनुभव असतो गं.” साहेब सगळ्यांदेखत म्हणाला, “पॉलिन जादूगार आहे!” त्या दिवशी घरी बोंबील करपले नाहीत.

मे महिन्यात साहेबानं पहिलं पान सांगायला घेतलं. तो खिडकीशी उभा राहून सांगायचा, ती टाइप करायची. नेहमीचीच रीत. तिचं टाइप केलेलं तो कधी पुन्हा वाचायचा नाही, सही करून मोकळा. त्यानं आधी बहिणीचे आभार मानले. मग पॉलिनचे. काय शब्द होते! अकरा वर्षांची साथ, आणि हरवलेली आजी जिनं शोधून दिली ती. पॉलिनला पडद्यावरची अक्षरं पाण्यातून दिसल्यासारखी दिसत होती.

“आणि लॉरा मच्याडो,” साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाला, “जिच्या कौशल्याशिवाय हे पुस्तक झालं नसतं.”

पॉलिनची बोटं थांबली.

साहेबाचा फोन वाजला. तो अरबी-इंग्रजी-हिंदीच्या खिचडीत कुणाशीतरी भांडत राहिला. पॉलिन स्वतःच्या नावाकडं बघत बसली. नावाखाली पांढरी जागा. एवढ्यावर थांबलं तर किती छान दिसतंय! हिच्याशिवाय झालं नसतं म्हणे! अकरा वर्षं घासली कुणी? माझ्या पपांचं नाव हिच्या आजीच्या चुन्याखाली गेलं, तेव्हा कुणी विचारलं होतं मला? इथंही माझ्याखाली हिचंच यायला हवं?

तिनं तेवढ्यावरच प्रिंट काढली. साहेबानं फोन खांद्यात धरून सही केली.

जूनमध्ये साहेब गेला. विमानतळावर दोघींना मिठी मारून गेला. पुस्तकं शारजाच्या प्रेसमधून दोन आठवड्यांनी आली, बहुतेक थेट अमेरिकेला गेली. ऑफिसात दोन प्रती आल्या, एक पॉलिनला, एक लॉराला. लॉरानं खोका कात्रीनं उघडला. पॉलिन फॅक्सपाशी जाऊन उभी राहिली, पाठ करून. उत्तर तिनं तयार ठेवलं होतं. साहेब विसरले असतील, म्हातारा माणूस.

“आंटी!” लॉरा किंचाळली. “तुमचं नाव! हॅरियट मॅडमच्या खालीच! केवढं लिहिलंय बघा ना!”

मग पान उलटल्याचा आवाज. परत मागं उलटल्याचा. पॉलिन फॅक्सचं बटण उगीचच दाबत होती.

“माझं राहिलं वाटतं,” लॉरा म्हणाली. “साहेब म्हणाले होते तुझंही घालतो म्हणून.”

पॉलिन वळली. तयार उत्तर तोंडात होतं, पण लॉरानं ते बोलू दिलंच नाही.

“असू दे. मी काय, वर्षभर फोटो स्कॅन केले. तुमची अकरा वर्षं गेली यात.” आणि तिचा चेहरा पुन्हा फुलला. “आंटी, मी पुढच्या गुरुवारी घरी चाललेय ना, हे पुस्तक घेऊन जाते. रविवारी मिस्सेनंतर सगळ्यांना दाखवते. आपल्या वाडीतल्या बाईचं नाव अमेरिकेच्या पुस्तकात! फादरना सांगते वाचून दाखवा म्हणून. तुमचे पपा असते तर किती मिरवले असते हो!”

पॉलिन तिच्या तोंडाकडं बघत राहिली. कुठंतरी असेल. डोळ्याच्या कोपऱ्यात, ओठाच्या टोकाला, आवाजात. थोडी जळजळ, थोडी ठसठस, काहीतरी. हे सगळे प्रकार तिला पाठ होते, दुसऱ्याच्या चेहऱ्यावर ते तिला लांबूनही ओळखू यायचे. तिनं शोधलं, पुन्हा शोधलं. नव्हतं. पोरगी खरंच खूश होती.

आणि मग पॉलिनला जो हेवा वाटला, तो आजवर कुणाचाच वाटला नव्हता. ऑर्डवेंचा नाही, त्यांच्या दगडांचा नाही, कुणाच्या कायमच्या कबरीचा नाही. असं खूश होता येतं? दुसऱ्याच्या नावावर? आपलं नसताना? हे हिला कुणी दिलं? मला का नाही दिलं?

“आंटी, सही करा ना इथं. तुमच्या नावाखालीच करा, जागा आहे.” लॉरानं पुस्तक उघडून तिच्यापुढं धरलं आणि स्वतःचं पेन तिच्या हातात दिलं.

पॉलिननं पेनाचं टोपण काढलं. आणि ज्या नावासाठी अकरा वर्षं जीव टाकला, ते स्वतःचं नाव तिच्याच्यानं लिहवेना.